पहिल्या भेटीनंतर पेशंट परत का येत नाही?

‘आशियाई लोक समुपदेशन अर्ध्यावर सोडतात, त्यांचा त्यावर विश्वासच नसतो’ असं अमेरिकेत राहणाऱ्या आशियाईंबद्दल कुणी म्हटलं, की मला ते पटत नाही. मानसशास्त्राचे प्राध्यापक स्टॅनली सू यांनी अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलमध्ये शिकवत असताना तिथल्या मानसिक आरोग्य केंद्रांच्या नोंदी तपासल्या. 1977 साली छापलेला निष्कर्ष असा, की अल्पसंख्य पेशंटपैकी जवळपास निम्मे पहिल्या भेटीनंतर फिरकलेच नाहीत; गोऱ्यांमध्ये हे प्रमाण 30 टक्के. सूंनी खापर पेशंटच्या माथी फोडलं नाही, सेवेकडे बोट दाखवलं. मला हेच फार मोलाचं वाटतं.

पुढे 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ नोलन झेन यांच्यासोबत त्यांनी मांडलं, की संस्कृतीची नुसती माहिती असून भागत नाही. पहिल्याच भेटीत माणसाच्या पदरात काहीतरी पडायला हवं. धडधड थोडी कमी व्हावी, आपल्याला होतंय ते काय हे कळावं. नुसतं ‘बालपणाबद्दल सांगा’ ऐकून घरी गेलेली बाई पुन्हा कशाला येईल?

लॉस एंजेलिस काउंटीतल्या 1991 च्या अभ्यासात, इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना आपल्या भाषेतला समुपदेशक मिळाला तेव्हा गळती कमी दिसली. म्हणूनच अमेरिकेत मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांसाठी मराठी बोलणारा समुपदेशक आधी शोधा, असं मी आग्रहाने सांगते.