संरक्षण तंत्रज्ञान सहकार्याचा कायदा आणि आयटारचा शिक्का असलेलं ड्रॉइंग: छोट्या वर्कशॉपला काय लागू होतं?

लेथवाला_जळगाव:
राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीत दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीन) आणि एका टर्निंग सेंटरवर जॉबवर्क चालतं. पुण्याच्या एका पार्टीकडून ब्रॅकेट आणि पिनची चौकशी आली आहे. मटेरियल १७-४ पीएच (क्रोम-निकेलवालं स्टेनलेस पोलाद), माल शेवटी अमेरिकेला जाणार. ड्रॉइंग पाठवण्याआधीच ते म्हणतात की त्यावर आयटारचा (अमेरिकेच्या शस्त्रनिर्यात नियमांचा) शिक्का आहे, आधी कागदांवर सही करून द्या. इकडे रोज बातम्या येतात की अमेरिका भारतासोबत संरक्षण तंत्रज्ञान वाढवायचा कायदा करतेय, करार झाला, आता सगळं खुलं होणार. मग हे कागद अजून लागतात का? आणि एक सल्लागार पैसे घेऊन ‘आयटार सर्टिफिकेट’ काढून देतो म्हणतो, ते घ्यावं का?

तापीकाठ:
आधी सर्टिफिकेटचं. आयटार सर्टिफिकेट नावाची वस्तूच अस्तित्वात नाही. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या डीडीटीसीकडे (संरक्षण मालाच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कार्यालयाकडे) नोंदणी असते, पण ती अमेरिकेतल्या उत्पादक-निर्यातदारांची. जळगावच्या वर्कशॉपने तिथे नोंदवायचं काही नसतं. पैसे खिशातच ठेवा.

आता कायद्याचं. तीन गोष्टींची गल्लत होतेय: विधेयक, करार आणि नियम.

विधेयक मांडलं म्हणजे कायदा झाला असं नाही. जुलै २०२४ मध्ये सिनेटर मार्को रुबिओंनी भारत-अमेरिका संरक्षण सहकार्याचं विधेयक मांडलं होतं. तंत्रज्ञान देताना भारताला जपान, इस्रायल, कोरिया आणि नाटो देशांसारखं वागवा, असं त्यात होतं. ते मंजूर न होताच त्या अमेरिकी काँग्रेसची (संसदेची) मुदत संपली. अशा विधेयकांतला जो भाग टिकतो तो बहुधा वार्षिक संरक्षण कायद्यात घुसवला जातो. भारताचा ‘मेजर डिफेन्स पार्टनर’ दर्जाही डिसेंबर २०१६ च्या अशाच कायद्याच्या कलम १२९२ मधून आला.

३१ ऑक्टोबर २०२५ ला क्वालालंपूरला सही झाला तो १० वर्षांचा आराखडा. तो दोन सरकारांनी दिशा ठरवण्यापुरता. त्याने एकाही ड्रॉइंगवरचा शिक्का पुसला जात नाही.

खरा फरक नियमातल्या देशांच्या यादीत पडतो. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकी वाणिज्य खात्याने भारताला ए:५ गटात घातलं, म्हणजे एसटीए सवलत (दर वेळी लायसन्स न काढता निर्यात) मिळाली. पण ती ईएआरखालच्या, म्हणजे वाणिज्य खात्याच्या निर्यात नियमांखालच्या मालाला. आयटारखालच्या मालाला तिचा काही उपयोग नाही. शिवाय ‘६०० सिरीज’च्या लष्करी सुट्या भागांना ही सवलत वापरायची, तर माल किंवा माहिती घेणाऱ्याचं नाव आधी एखाद्या अमेरिकी लायसन्सवर मंजूर झालेलं असावं लागतं. नवं वर्कशॉप इथेच अडकतं. दार उघडं, पण उंबऱ्यावर जुनी ओळख विचारतात.

ऑस्ट्रेलिया-ब्रिटनचं पाहा. त्यांच्यासाठी डिसेंबर २०२३ मध्ये कायदा झाला आणि आयटारची सूट १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाली. तरी तिथल्या प्रत्येक कंपनीला ‘ऑथराइज्ड युजर’ म्हणून यादीत यावं लागतं आणि वगळलेल्या तंत्रज्ञानाची वेगळी यादी आहेच. उद्या भारतासाठी असा कायदा झाला तरी तुमची फाइल लागणारच.

धुळेकर_क्वालिटी:
तापीकाठ यांनी दिल्ली-वॉशिंग्टन सांगितलं, मी शॉप फ्लोअरचं सांगतो.

पुण्याच्या पार्टीला लेखी विचारा: अमेरिकी कंपनीचं लायसन्स कोणत्या प्रकारचं आहे आणि त्यात आमच्या वर्कशॉपचं नाव-पत्ता आहे का? फक्त ड्रॉइंगप्रमाणे बनवून माल अमेरिकेला परत जाणार असेल, तर बहुधा डीएसपी-५ वर (परराष्ट्र खात्याच्या निर्यात लायसन्सवर) काम चालतं. त्याच्या अटी साध्या पण कडक: ड्रॉइंग फक्त त्याच ऑर्डरसाठी, माल फक्त अमेरिकेतल्या पार्टीला, भारतातल्या उपठेकेदाराशिवाय कुणाला दाखवायचं नाही, उपठेकेदारावर त्याच अटी आणि काम संपलं की सगळं परत किंवा नष्ट. पुणेवाले तेच भाग इथल्या असेंब्लीत वापरून दुसऱ्याला विकणार असतील तर डीएसपी-५ पुरत नाही, मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स अॅग्रीमेंट लागतं. हे सहीच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

बहुतेक लोक चुकतात ते इथे. ‘टेक्निकल डेटा’ म्हणजे फक्त पीडीएफ नाही. त्यावरून केलेला कॅम प्रोग्राम (मशीन चालवणारा), फिक्श्चरचं (जॉब धरायच्या साच्याचं) ड्रॉइंग, बलून लावलेली (मापांना नंबर दिलेली) इन्स्पेक्शन शीट, सगळं त्यात येतं. म्हणून:

ड्रॉइंग व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचं नाही. एक वेगळा पीसी, पासवर्ड, आणि कोणी उघडलं याची नोंदवही.

कंट्रोलर बिघडला की आपण सहज रिमोट सॉफ्टवेअर लावून परदेशी सर्व्हिस इंजिनिअरला मशीन दाखवतो. त्याच मशीनच्या मेमरीत हा प्रोग्राम असेल तर विनापरवाना हस्तांतर झालंच. इंजिनिअर चीनमधला असेल तर प्रकरण फार गंभीर, कारण चीन प्रतिबंधित देशांत आहे. आधी प्रोग्राम काढा, मग कनेक्शन द्या.

हीट ट्रीटमेंट बाहेर नाशिक किंवा संभाजीनगरला करणार असाल तर त्या शॉपचं नाव आधी पुण्याला कळवा आणि मंजुरी घ्या. ग्राहक नॅडकॅप (विमान उद्योगातली स्पेशल प्रोसेसची मान्यता) मागतो का तेही तेव्हाच विचारा, नाहीतर माल कडक होऊन आल्यावर रिजेक्ट होतो.

रिजेक्ट तुकडे अख्खे भंगारात जाऊ देऊ नका. बँडसॉवर कापा, नग मोजा, नोंद करा. मंजूर, नामंजूर आणि शिल्लक नगांची बेरीज काढलेल्या नगांशी जुळली पाहिजे.

पहिल्या नगाला एएस ९१०२ चे (विमान उद्योगातल्या पहिल्या नगाच्या तपासणीच्या मानकाचे) तिन्ही फॉर्म भरावे लागतील. दुसऱ्या फॉर्ममध्ये मटेरियल आणि स्पेशल प्रोसेस येतात, घाईत तोच अर्धा राहतो.

लेथवाला_जळगाव:
डोळे उघडले. १७-४ पीएचचे बार ओळखीच्या स्टॉकिस्टकडे तयार आहेत, टेस्ट सर्टिफिकेटसकट. तेच उचलू का? आणि आपल्या सरकारचं काही लायसन्स?

तापीकाठ:
आपल्याकडचं सोपं आहे. २०१४ पासून बहुतेक सुट्या भागांना इंडस्ट्रियल लायसन्स लागत नाही. निर्यातीला मात्र स्कोमेट (भारताची नियंत्रित निर्यात मालाची यादी) पाहावं लागतं. लष्करी माल कॅटेगरी ६ मध्ये येतो आणि त्याची परवानगी संरक्षण उत्पादन विभाग देतो. तुम्ही पुण्याला देशातच माल देणार, म्हणजे निर्यातीची परवानगी निर्यातदाराने काढायची. तुमच्या चलनावर आणि बिलावर पार्ट नंबर, रिव्हिजन बरोबर असू द्या. फाइल किमान ५ वर्षं जपा.

धुळेकर_क्वालिटी:
बार उचलू नका भाऊ, थांबा. आधी ऑर्डरमध्ये ‘स्पेशल्टी मेटल्स’ची अट आहे का पाहा, डीएफएआरएस (अमेरिकी संरक्षण खात्याचे खरेदी नियम) २५२.२२५-७००९. असेल तर टायटॅनियम, निकेल मिश्रधातू आणि क्रोम-निकेलवाली पोलादं अमेरिकेत किंवा त्यांच्या ‘क्वालिफाइंग’ देशात वितळवलेली असावी लागतात. जर्मनी, स्वीडन, जपान, इस्रायल त्या यादीत आहेत, भारत नाही. म्हणजे माल कितीही चांगला असो, भारतात किंवा चीनमध्ये वितळला असेल तर चालत नाही. सहकार्याच्या भाषणांत हे कुणी सांगत नाही. अॅल्युमिनियमला ही अट नाही, त्यामुळे ब्रॅकेट ६०६१ चा असता तर प्रश्नच नव्हता. २ टक्के वजनाची सूट आहे, पण ती पूर्ण वस्तूच्या हिशेबात वरच्या कंपनीने वापरायची. आपण तिच्यावर विसंबायचं नाही.

स्टॉकिस्टचं स्वतःच्या लेटरहेडवरचं सर्टिफिकेट पुरत नाही. मूळ मिलचं सर्टिफिकेट मागा आणि त्यावर वितळवल्याचा देश, हीट नंबर (वितळवलेल्या घाणीचा नंबर) आणि स्पेसिफिकेशन आहे का पाहा. १७-४ च्या बारला बहुधा एएमएस ५६४३ हे विमान उद्योगाचं स्पेसिफिकेशन मागतात. बारच्या टोकावरचा हीट नंबर सर्टिफिकेटशी जुळवा. आणि कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर तो नंबर पंच करून घ्या. टोक आधी कापलं की उरलेला बार बेवारस होतो.