घाटात आधी चढणारा

अरुंद रस्त्यावर दोन गाड्या समोरासमोर आल्या की ‘ज्याने आधी डिपर मारला (हेडलाइट चमकवला) त्याने आधी जायचं’ असा संकेत काही जण सांगतात; तो सपाटीवरच्या अरुंद पुलापुरता ठीक. घाटात मात्र तो धरू नका, कळकळीने सांगतो. रस्ता दोघांना पुरत नसेल तर उतरणाऱ्याने थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची, हे नुसतं सौजन्य नाही, १९८९ च्या वाहतूक नियमांत ते लेखी होतं. कारण साधं आहे. भरलेला ट्रक चढावर मध्येच थांबला की पुन्हा उचलताना मागे घरंगळतो, क्लच जळतो. उतरणारा पहिल्या-दुसऱ्या गियरवर सहज थांबू शकतो.

वरंध घाटात भोरकडून महाडला उतरताना एका वळणाआधी, रुंद जागा बघून थांबलो होतो. खालून एसटी आली. ड्रायव्हरकाकांनी जाता जाता खिडकीतून हात काढून दोन बोटं दाखवली. मला आधी कळलंच नाही. मागून आणखी दोन गाड्या येताहेत, निघू नकोस, असं ते सांगत होते! खरंच एक टेम्पो आणि एक जीप आली. तेव्हापासून माझ्यामागे गाड्या असल्या की मीही समोरच्याला बोटांनी आकडा दाखवतो. वळणापलीकडचं त्याला दिसत नसतं, आपल्याला माहीत असतं.