'जुळणी', 'पडताळणी' की 'निष्पन्न झाले'? पोलीस तपासातल्या सॉफ्टवेअरसाठी नेमका शब्द कोणता

धंतोलीची अनुवादक

मी फौजदारी वकिलांसाठी दोषारोपपत्रांची भाषांतरं करते. हल्लीच एका वाक्यावर अडले: "फुटेजमधील इसमाचे छायाचित्र सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहिले असता सदर इसम हा आरोपी क्र. 2 असल्याचे निष्पन्न झाले." सॉफ्टवेअरने जे केलं त्याला मराठीत काय म्हणावं? जुळणी, मिलान, पडताळणी, की ओळख पटवणं? आणि इथे 'निष्पन्न झाले' चालेल का?

सक्करदरा

जुळणी. आपल्याकडे पोलीस ठाण्यात 'मिलान केलं' म्हणतात, तेही सगळ्यांना कळतं. पडताळणी नको, ती त्यानंतरची पायरी.

ठसेतज्ज्ञ, निवृत्त

भाऊ बरोबर बोलले. घटनास्थळी सापडलेला ठसा, ज्याला आम्ही चान्स प्रिंट म्हणतो, तो अँबिसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या ठसे-चेहरे जुळवणाऱ्या संगणक प्रणालीत, टाकला की यंत्र एकच नाव काढून देत नाही. संभाव्य माणसांची यादी देतं, साम्याच्या उतरत्या क्रमाने. ज्याचा ठसा आहे तो माणूस नोंदीत नसला तरी यादीत दुसरंच कुणी वर येऊ शकतं. मग तज्ज्ञ दोन्ही ठसे शेजारीशेजारी ठेवतो आणि रेषा कुठे फुटते, कुठे संपते, कुठे बेट तयार होतं, हे एकेक ताडून पाहतो. यंत्र करतं ती जुळणी, हे ताडून पाहणं म्हणजे पडताळणी, आणि तज्ज्ञ सही करून देतो तो अभिप्राय.

चेहऱ्याच्या बाबतीत मधली पायरी गळून जाण्याची भीती जास्त. ठसे वाचायला शिकावं लागतं हे सगळ्यांना मान्य असतं. चेहरा मात्र आपल्याला ओळखता येतोच असं प्रत्येकाला वाटतं. त्यात कॅमेरा उंचावर, उजेड कमी, तोंडावर रुमाल.

खंडपीठात वकिली

ताई, ते वाक्य तुम्हाला खटकलं हे योग्यच झालं. 'निष्पन्न झाले' म्हणजे तपासाअंती सिद्ध झाले. यंत्राने दाखवलेल्या साम्याला तो शब्द लावला की रिमांडच्या वेळी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर अंदाज निष्कर्षाच्या कपड्यात उभा राहतो. 'साम्य दिसून आले' एवढंच लिहायला हवं होतं. ज्या माणसाचा जामीन या एका वाक्यावर अडतो, त्याच्यासाठी हा फरक फार मोठा आहे.

कायद्याची बाजूही सांगतो. सॉफ्टवेअरचा निकाल इलेक्ट्रॉनिक अभिलेख म्हणून पुढे आला की भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यातल्या 65-ब कलमाखाली ते बंधनकारक असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये अर्जुन खोतकर प्रकरणात सांगितलं; वाद आपल्याच जालन्याच्या निवडणुकीचा होता. पण हे प्रमाणपत्र फक्त नोंद त्याच यंत्रातून आली, तिच्यात फेरफार नाही, एवढंच सांगतं. जुळणी बरोबर आहे की चूक, याबद्दल त्यात अक्षर नसतं. अनेक वकील मित्र इथे गल्लत करतात.

नोंदी ठेवण्याबाबत 2022 चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम आहे. त्याखाली घेतलेली मापं (ठसे, फोटो वगैरे) 75 वर्षं राहतात. आधी शिक्षा झालेली नसेल आणि सगळे अपील वगैरे संपून माणूस निर्दोष सुटला, तर ती नष्ट करायची, न्यायालयाने लेखी कारणं देऊन वेगळा आदेश दिला नसेल तर. व्यक्तिगत डेटाच्या 2023 च्या कायद्यात मात्र कलम 17 ने गुन्ह्याच्या तपासाला बहुतेक बंधनांतून सूट दिली आहे. उरतो तो सर्वोच्च न्यायालयाचा पुट्टस्वामी निकाल, 2017 चा: खाजगीपणात हात घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू रास्त हवा आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. जुळणीच्या सॉफ्टवेअरसाठी या तिन्ही गोष्टी स्पष्ट लिहून देणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. राज्य सरकारची 'मार्व्हल', म्हणजे पोलिसांसाठीची कृत्रिम बुद्धिमत्तेची कंपनी, 2024 मध्ये आपल्याच शहरात, इथल्या आयआयएमच्या सहभागाने उभी राहिली. म्हणून हा प्रश्न नागपूरकरांनी तरी लावून धरावा असं मला मनापासून वाटतं.

जर्मन शिकवते

जर्मनीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत या दोन गोष्टींना वेगळी कलमं आहेत. पोलिसांकडे आधीच असलेल्या नोंदींशी जुळणी करायची तर 98-क. इतरांकडचा डेटा मागवून त्याची चाळणी लावायची तर 98-अ: त्याला गंभीर गुन्हा आणि न्यायालयाचा आदेश लागतो. घाईच्या वेळी सरकारी वकील आदेश देऊ शकतो, पण तीन कामकाजी दिवसांत न्यायालयाने तो कायम केला नाही तर तो आपोआप रद्द. 16 फेब्रुवारी 2023 ला त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने हेसेन आणि हॅम्बुर्ग राज्यांची पोलिसी डेटा-विश्लेषणाची कलमं घटनाबाह्य ठरवली. कारण असं दिलं, की वेगवेगळ्या नोंदी एकत्र केल्या की माणसाबद्दल नवीनच माहिती तयार होते, आणि त्या नव्या माहितीसाठी वेगळं बंधन हवं. मराठीत यासाठी मला 'चाळणी' जवळचा वाटतो. जुळणीत एक माणूस हातात असतो, चाळणीत हजारो निर्दोष लोक आधी आत ओतले जातात.

धंतोलीची अनुवादक

'चाळणी' फार उपयोगी पडेल, आभारी आहे. मूळ वाक्य मी आहे तसंच उतरवणार, त्यात बदल करायचा मला अधिकार नाही. पण वकिलांना सोबत चिठ्ठी देते. साहेब, तिच्यात काय मागायला सांगू?

खंडपीठात वकिली

तीन गोष्टी. फोटो कोणत्या नोंदींशी जुळवला, यादीत आणखी कोण कोण होतं, आणि पडताळणी कुणी, कधी केली. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 खाली कागदांच्या प्रती आरोपीला मिळतातच. तपास अधिकाऱ्याने ज्यांच्यावर भिस्त ठेवलेली नाही अशा कागदांची यादीही त्याला द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. संभाव्य माणसांची ती यादी बहुधा तिथेच सापडेल. अर्ज आरोपनिश्चितीच्या आधी करा म्हणावं.