पहिली शंका कशावरून आली?

मूल वाढीत मागे पडतंय हे तुमच्या कशावरून लक्षात आलं? डॉक्टरांनी नाव सांगितलं त्याच्या आधीचं लिहा. सुरुवात माझ्यापासून.

मुलगा फार शांत. भूक लागली तरी रडायचा नाही, आणि मी कौतुकाने 'गुणी बाळ' म्हणायचे. चार महिने उलटले तरी मान धरेना. कडेवर घेतलं की अंग अगदी सैल. नऊ महिन्यांचा झाला तरी बसेना, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेलो. थायरॉइड कमी निघालं, जन्मापासूनचं. पहिल्या दोनेक आठवड्यांत गोळी सुरू झाली असती तर मेंदूचं बरंचसं नुकसान टळलं असतं. टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन कळतं हे!

*

आमची उलट गोष्ट. वर्षाची असताना टाटा करायची, तीन शब्द बोलायची. दीड वर्षानंतर तेही गेलं. सगळे म्हणाले, लहरी आहे. उशिरा बोलणं वेगळं, आलेलं बोलणं जाणं वेगळं. त्यात एक दिवसही थांबू नका. आम्ही सात महिने थांबलो. स्वमग्नता (ऑटिझम) निघाली.

*

हाक मारली तरी वळायचा नाही, म्हणून आधी कान तपासले. कान ठणठणीत. हवं ते बोटाने दाखवायचा नाही, माझं मनगट धरून डब्यापर्यंत न्यायचा. मला ते गोड वाटायचं.

*

माझी शंका खोटी ठरली, तेही लिहिते. मुलगी सातमाशी. दोन वर्षांपर्यंत तिचं वय प्रसूतीच्या ठरल्या तारखेपासून मोजायचं असतं, हे कुणी सांगितलंच नव्हतं. सोळाव्या महिन्यात चालली.

*

आमच्या मुलीची बौद्धिक अक्षमता दुसरीत कळली. कविता घडाघडा म्हणायची, त्यामुळे कुणालाच संशय नाही. पण 'दप्तर ठेव, हात धू, मग ये' म्हटलं की दप्तर ठेवून तिथेच उभी. खेळायची ती चार वर्षांच्या मुलांत. बुद्ध्यांक 64 आला, पण तपासणाऱ्या बाईंनी त्याहून जास्त वेळ बटणं, सुटे पैसे, रस्ता ओलांडणं यावरच विचारलं. नुसत्या आकड्यावर निदान करत नाहीत म्हणाल्या.

*

मी आजी. नातू डोळ्याला डोळा देत नाही हे मला दिसत होतं. सुनेला वाईट वाटेल म्हणून गप्प बसले. तीही माझ्यासाठीच गप्प होती, हे नंतर तपासणीच्या रांगेत कळलं.