मदत हवी आहे: श्रीलंकेला एप्रिलअखेर की डिसेंबर?

नमस्कार मंडळी, आम्ही इंदूरहून पाच जण, आई-बाबा (७१ आणि ७४), मी, बायको आणि सातवीतली मुलगी. आठ दिवस श्रीलंका करायची आहे, कँडी, नुवारा एलिया (सीता अम्मन मंदिर आईला बघायचंच आहे) आणि पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीचं कोणेश्वर मंदिर. सिगिरिया (खडकावरचा किल्ला) पायऱ्यांमुळे आधीच काटलंय.

अडचण पावसाची. तिथे दोन मान्सून, नैऋत्येचा मे ते सप्टेंबर कोलंबो-गॉल आणि डोंगराच्या पश्चिम बाजूला, ईशान्येचा डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्व किनाऱ्यावर, आणि मधल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दुपारनंतर सगळीकडेच गडगडाट, त्यामुळे दिवाळीची सुट्टी बाद. डिसेंबरात गॉल मस्त पण त्रिंकोमालीत पाऊस, मेमध्ये बरोब्बर उलटं. फेब्रुवारी-मार्च मुलीच्या परीक्षेमुळे जमत नाही. एजंट म्हणतो कधीही जा, पण गेल्या पावसाळ्यात ओंकारेश्वरच्या घाटावर ओल्या पायरीवरून आईचा पाय सटकला, मी दंड धरला म्हणून वाचली, तेव्हापासून तिला ओल्या दगडावर न्यायची माझी हिंमतच होत नाही.

मला २२ ते ३० एप्रिल बरं वाटतंय. गाडी-ड्रायव्हर पूर्णवेळ ठेवणार, सकाळी सातला निघायची तयारी आहे, किनाऱ्यावरचा उकाडाही चालेल, आपल्याकडे तरी तेव्हा कुठे गारवा असतो.

ज्यांनी एप्रिलअखेरीस वयस्कर माणसांना नेलंय त्यांनी सांगा, कँडी-नुवारा एलियाकडे पाऊस साधारण किती वाजता सुरू होतो, आणि दुपारी एकपर्यंत फिरणं कोरड्यात उरकतं का?