शब्दचर्चा: ‘संकर’, ‘मिश्र वंश’ की आणखी काही?

गोदाकाठ
बारावीच्या मुलांसाठी मराठीत टिपणं काढतोय. विषय: जनुकीय मार्कर (डीएनएतल्या माणसामाणसांत फरक असणाऱ्या जागा) तपासून एखाद्या समाजात कुठले पूर्वज, किती आणि कधी मिसळले हे कसं काढतात. या मिसळण्याला म्हणायचं काय? ‘संकर’ तयार आहे, पण आमच्या निफाडकडे ‘संकरित’ म्हटलं की टोमॅटोचं बियाणं नाहीतर जर्सी गाय.

पेठरोडवाली
संकर नकोच. एक तर त्याला ‘वर्णसंकरा’चा वास येतो. दुसरं, अर्थच चुकतो. संकर म्हणजे दोन शुद्ध वाणांचा. माणसांत शुद्ध वाण आणणार कुठून? २००९ साली हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे थंगराज आणि लालजी सिंग, हार्वर्डचे डेव्हिड राइक वगैरेंनी दाखवलं की भारतातल्या बहुतेक समाजांत दोन प्राचीन पूर्वजगटांचे अंश आहेत, एक उत्तरेकडचा, एक दक्षिणेकडचा. उत्तरेकडच्याचा वाटा ३९ ते ७१ टक्के. पुढे जुन्या सांगाड्यांतला डीएनए हाती आला, तर ते दोन्ही गटही मुळात मिश्रच निघाले.

गोदाकाठ
मग ‘मिश्र वंश’?

तपोवन
वंश शब्दाने घोटाळा होतो. रघुवंशातला वंश वेगळा, वंशवादातला वेगळा. शिवाय त्र्यंबकला तीर्थोपाध्याय चोपडी काढून पणजोबांपर्यंतची नावं दाखवतात, ती वंशावळ बापाकडून मुलाकडे जाणारी. वाय गुणसूत्र तसं चालतं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून येतो. पण उरलेला सगळा जीनोम, म्हणजे बाकीचा डीएनए? दहा पिढ्या मागे पूर्वजांच्या १,०२४ जागा होतात, आणि त्यातल्या काहींचा डीएनए तर आपल्यापर्यंत पोचतच नाही. हे सगळं एका रेघेत कसं बसवणार? ‘पूर्वजवारसा’ म्हणा.

पेठरोडवाली
मार्करला ‘चिन्हक’ चालेल, पण ‘खूण’ लिहू नका. खूण म्हटलं की मुलांना वाटतं, ही असली की माणूस अमक्या समाजाचा. तशी मार्कर फार थोडी. डफी रक्तगटाचं एक रूप पश्चिम आफ्रिकेत जवळजवळ सगळ्यांत असतं आणि युरोपात क्वचितच, पण हा अपवाद. एरवी डीएनएतल्या एकाच जागी कुणाकडे ए हे अक्षर, कुणाकडे जी. एका गटात ए जरा जास्त, दुसऱ्यात जरा कमी. एकट्या मार्करवरून काही ठरत नाही, म्हणून हजारो, लाखो जागा एकत्र पाहतात. ‘प्रमाण’ हा शब्द टिपणात ठसठशीत येऊ द्या.

आणि ‘कधी मिसळले’ हे सोडू नका, खरी गंमत तिथे आहे. दर पिढीत गुणसूत्रांच्या जोड्या तुकड्यांची अदलाबदल करतात, त्यामुळे एका पूर्वजगटाकडून आलेला सलग तुकडा लहान लहान होत जातो. लांब तुकडे दिसले तर मिश्रण अलीकडचं, बारीक असले तर जुनं. याच हिशेबाने २०१३ च्या अभ्यासात भारतातलं ते मोठं मिश्रण साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात घडल्याचं निघालं. नंतर जातीतल्या जातीत लग्नं सुरू झाली आणि मिसळणं मंदावलं.

तपोवन
उदाहरण आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाचं घ्या. गुजरात-कर्नाटकातल्या सिद्दींत आफ्रिकी आणि भारतीय अंश, थोडा बहुधा पोर्तुगीजही. मिश्रण गेल्या दोनेकशे वर्षांतलं. नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या मुलांना हेही सांगा की १९व्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकी मुलं शरणपूरच्या मिशनमध्ये शिकत. १८७३ साली आफ्रिकेत वारलेला शोधप्रवासी लिव्हिंगस्टन, त्याचा मृतदेह किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांत इथली मुलं होती. त्यांच्या डीएनएचा मात्र अंदाज बांधू नका.

गोदाकाठ
तर वाक्य असं: ‘या समाजात तीन स्रोतांचा पूर्वजवारसा वेगवेगळ्या प्रमाणात मिसळलेला आहे.’

पेठरोडवाली
चालेल. फक्त ‘वारसा’ वाचून कुणी तलाठ्याकडची वारसनोंद विचारेल. मी तरी ‘पूर्वजांश’ लिहिते, छोटाही आहे.

तपोवन
‘पूर्वजांश’ ऐकायला पंचांगातला वाटतो. पण टक्क्यांशी जुळतो खरा: ‘आफ्रिकी पूर्वजांश ६० टक्के’.