पुस्तकांचा आकडा कशाला?

‘वर्षाला ५० पुस्तकं’ हा संकल्प मार्चपर्यंतही का टिकत नाही, असा प्रश्न पडतो. मला वाटतं गोम त्या आकड्यातच आहे. पुस्तकं मोजायला लागलं की माणूस नकळत बारीक पुस्तकं उचलतो, जाडजूड ग्रंथ फडताळातच राहतात.

ज्ञानेश्वरीचंच बघा. ओव्या सुमारे नऊ हजार. रोज २५ वाचल्या तर साधारण वर्षभरात होते. मात्र वाटणी अध्यायांप्रमाणे केली की गणित फसतं. बाराव्या अध्यायात जेमतेम २४७ ओव्या, अठराव्यात अठराशेच्या वर! ‘आठवड्याला एक अध्याय’ म्हणणाऱ्यांची गाडी तिथेच रुतते. सप्ताहातलं सात दिवसांचं पारायण वेगळं, तिथे चार लोकांची सोबत असते. घरी एकट्याने अर्थ लावत वाचायचं तर तो वेग झेपत नाही.

नोंदीला अ‍ॅप कशाला हवं? भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात ओवीचा क्रमांक लिहिला की झालं. लग्नकार्यात, आजारपणात खंड पडणारच. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून ५० वाचायला बसू नका, त्या थकबाकीनेच लोक वैतागून सोडून देतात. वर्षाचं सव्वा वर्ष झालं तर होऊ दे.

जोडीला काहीतरी हलकं ठेवा. दिवाळी अंक उत्तम, रोज एखादी कथा किंवा लेख केला तर दोन-तीन अंक सहज शिमग्यापर्यंत पुरतात. आणि ज्ञानेश्वरी घेणार असाल तर सार्थ, म्हणजे ओव्यांसोबत अर्थ दिलेली प्रतच घ्या.